हाडासाठी स्कॅफोल्ड: सॉल्ट लीचिंग, फ्रीझ ड्राय की थ्रीडी प्रिंट?

एमटेकवाली_पोर:
प्रोजेक्टला पीसीएल (हळूहळू विरघळणारं प्लास्टिक) आणि हायड्रॉक्सीॲपेटाइट (हाडातलं खनिज) यांचं स्कॅफोल्ड, म्हणजे नवं हाड वाढायला आधार देणारा सच्छिद्र सांगाडा, करायचंय. लॅबमध्ये सॉल्ट लीचिंग (मीठ मिसळायचं, मग पाण्याने धुवून काढायचं, त्याच्या जागी भोकं राहतात) जमतं, फ्रीझ ड्रायर (गोठवून त्यातला बर्फ थेट वाफ करून काढणारं यंत्र) आहे, थ्रीडी प्रिंटर मात्र दुसऱ्या डिपार्टमेंटकडे हात पसरून मागावा लागेल. सर म्हणतात मटेरियल एकच तर पद्धतीने असा काय फरक पडणार, पोरॉसिटी (आतली पोकळी) 80 टक्के आली की झालं. खरंय का?

हाडवैर:
नाही गं, खूप फरक पडतो. 80 टक्के पोकळी आहे म्हणून भागत नाही, पोकळ्या आतून एकमेकींना जोडलेल्या हव्यात. आंबोळीला वरून मस्त जाळी दिसते पण सगळी भोकं आरपार नसतात ना, तसं. सॉल्ट लीचिंगला मीठ चाळून घेतलंस की भोकाचा साइज हातात राहतो (100 मायक्रॉनच्या खाली जाऊ नकोस, रक्तवाहिन्या आत शिरायला 300 च्या वर बरं), पण मीठ कमी पडलं की दाणे एकमेकांना टेकत नाहीत आणि पॉलिमरमध्ये कोंडले जातात, जाड तुकड्यातून तर ते निघता निघत नाही. वर पीसीएल विरघळवायला घेतलेल्या क्लोरोफॉर्मचा अंश राहिला की पेशी मरणार आणि बोल मटेरियलला.

नोझल_चोक:
प्रिंटिंगचं सुख म्हणजे भोकं आधीच कॉम्प्युटरवर ठरतात आणि सगळी आरपार. पीसीएल 60 डिग्रीच्या आसपास वितळतं त्यामुळे त्रास कमी, पण हायड्रॉक्सीॲपेटाइट वाढवत गेलीस की नोझल तुंबतो. आणि धागे इतके गुळगुळीत निघतात, त्यात पीसीएलला पाण्याचं वावडं, पेशी नीट चिकटत नाहीत. सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये बुडवून पृष्ठभाग खरखरीत करतात लोक. निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्हमध्ये चुकूनही टाकू नकोस, 121 डिग्रीला गोळा होईल 😅

दातवाला_डॉक:
सगळे पद्धतीवर भांडताय, पण हे बसवायचं कुठे ते कोणी विचारलंच नाही?

एमटेकवाली_पोर:
दात काढल्यावर जबड्यात जो खड्डा राहतो तिथे.

दातवाला_डॉक:
मग पीसीएल कशाला? ते विरघळायला दोनेक वर्षं तरी घेतं, आम्हाला तिथे काही महिन्यांत इम्प्लांटचा स्क्रू बसवायचा असतो, प्लास्टिकच्या जाळीत ड्रिल मारू का? त्या खड्ड्यावर चावण्याचा जोर फारसा येत नाही, कोलॅजन किंवा जिलेटिनमध्ये हायड्रॉक्सीॲपेटाइट मिसळून फ्रीझ ड्राय कर. ताकद कमी असते, मांडीच्या हाडाला चालणार नाही, इथे चालतं. हिरडी आत घुसू नये म्हणून वरून इलेक्ट्रोस्पिनिंगची (विजेच्या दाबाने ओढलेल्या अतिबारीक धाग्यांची) पातळ चादर घाल, तिची भोकं इतकी बारीक की पेशी आत जात नाहीत, एरवी तो दोष, इथे तेच हवंय.

हाडवैर:
हे पटलं. फक्त गोठवताना घाई नको, सावकाश गोठवलं की बर्फाचे स्फटिक मोठे होतात आणि भोकंही मोठी येतात. साचा खालून गार केलास तर खालची भोकं बारीक आणि वरची मोठी निघतील, त्यामुळे एसईएमला (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपला) एकच काप नेऊ नकोस, वरचा खालचा दोन्ही ने. आणि कोलॅजन-जिलेटिन क्रॉसलिंक करायला (त्यांच्या साखळ्या एकमेकींना बांधायला) विसरू नकोस, नाहीतर मीडियात (पेशी वाढवायच्या द्रवात) टाकल्या टाकल्या लगदा.

एमटेकवाली_पोर:
प्रिंटर मागायचा वाचला म्हणजे. सरांना मटेरियल बदलायचं कसं सांगू तेवढं बघते आता.