पीस कोअर (परदेशात स्वयंसेवक पाठवणारी अमेरिकन सरकारी संस्था): साठीनंतरची वैद्यकीय मंजुरी

प्रश्न: वय ६६, अमेरिकन नागरिकत्व, रक्तदाबाची गोळी चालू. मंजुरी कुठे अडते?

– वयाला वरची मर्यादा नाही. आजारापेक्षा कागदच जास्त अडवतात. डोस नुकताच बदलला असेल तर रक्तदाब स्थिर आहे हे दाखवण्यात वेळ जातो. दातांचं काम अर्धवट ठेवू नका.

– टीबीसाठी हातावर सुई टोचून करतात ती त्वचेची चाचणी टाळा. लहानपणीच्या बीसीजी लशीमुळे ती खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. रक्ताची इग्रा चाचणी मागा. पीतज्वराची लस जिवंत विषाणूची असते, साठीनंतर गंभीर दुष्परिणामांचा धोका वाढतो. डॉक्टरांना आधीच विचारा.

– आणि मेडिकेअर (ज्येष्ठांसाठीचा अमेरिकन सरकारी आरोग्य विमा)! सेवेला जाताना त्यातला पार्ट बी (डॉक्टरांच्या खर्चाचा भाग) सोडलात तर सेवा संपल्यावर ६ महिन्यांत परत घ्या. चुकलात तर दर पूर्ण १२ महिन्यांमागे हप्त्यावर १०% दंड, तोही कायमचा.