‘बाकी कंपायलर बघून घेईल’ म्हणे!

माटोळीखालचा_कोडर
काल एका महाशयांनी परीक्षेतल्या एका प्रश्नावर, सी++ ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकणाऱ्या कॉलेजच्या मुलांना सल्ला दिला: ‘एका क्लासचं ऑब्जेक्ट दुसऱ्या क्लासात न्यायचं ना? एका आर्ग्युमेंटचा कन्स्ट्रक्टर लिहा, बिनधास्त असाइन करा, बाकी कंपायलर बघून घेईल.’ वर खंडीभर अंगठे. (नव्यांसाठी: क्लास म्हणजे माहितीचा साचा, ऑब्जेक्ट म्हणजे त्यातून काढलेली वस्तू, कन्स्ट्रक्टर म्हणजे ती वस्तू घडवणारं फंक्शन, आर्ग्युमेंट म्हणजे फंक्शनला दिलेली किंमत, आणि कंपायलर म्हणजे आपला कोड तपासून यंत्राच्या भाषेत नेणारा प्रोग्रॅम.) चवथ तोंडावर आली, माटोळी (गणपतीवरची फळा-पानांची चौकट) बांधायची पडलीय, तरी हे लिहायला बसलो.

कंपायलर काय बघतो ते ऐका. पणजीत एका हॉटेलचं बिलिंग मी लिहिलं होतं. ‘रक्कम’ नावाचा क्लास, त्याला इंट (पूर्णांक) घेणारा कन्स्ट्रक्टर, त्याच्या आधी एक्सप्लिसिट (‘गुपचूप रूपांतर नको’ असं सांगणारा शब्द) नाही. फंक्शनला खोली (इंट) आणि दर (रक्कम) द्यायचा. कॉपी-पेस्टमध्ये दोन्ही जागी खोलीचा नंबरच गेला. कंपायलरने इंटची गुपचूप रक्कम केली. 304 नंबरच्या खोलीचं भाडं रात्रीला 304 रुपये. डिसेंबरात! पाहुणा पैसे देऊन निघून गेला, तो कशाला तक्रार करतो? मालकाने मात्र मला उभा सोलला. एक्सप्लिसिट असतं तर ती ओळ कंपाइलच झाली नसती.

साखळीचा_सीपीपी
ते महाशय म्हणजे मी. चूक तुझ्या कॉपी-पेस्टची आणि फाशी कन्स्ट्रक्टरला? रोज स्ट्रिंग या मजकुराच्या क्लासला अवतरणातला मजकूर देतोस, तेव्हा काय होतं? तेच, गुपचूप रूपांतर. तिथे प्रत्येक वेळी स्ट्रिंग(…) लिहायला लागलं तर पहिला तूच रडशील. आणि प्रश्न परीक्षेतला होता. मुलांना कन्स्ट्रक्टर नाहीतर कन्व्हर्जन ऑपरेटर (मूळ क्लासातच लिहिलेलं रूपांतर), एवढंच लिहायचं असतं.

माटोळीखालचा_कोडर
स्ट्रिंगचं नाव काढलंस ते बरं केलंस. आत यायला दार उघडं, पण साधा मजकूर होऊन बाहेर जायला? तिथे सी_एसटीआर (c_str) अशी नावानिशी हाक मारावी लागते, ऑपरेटर मुद्दाम ठेवलेला नाही. आणि तुझा मुलगा उद्या एका क्लासात कन्स्ट्रक्टर आणि दुसऱ्यात ऑपरेटर, दोन्ही लिहून बसेल. मग कंपायलर ‘अँबिग्युअस’ (कुठलं घेऊ कळेना) म्हणून हात वर करील तेव्हा तू येणार आहेस? आपण लिहिलेली दोन रूपांतरं तो आपणहून एकामागे एक जोडत नाही, हेही त्याला सांगितलंस का? कन्स्ट्रक्टरसाठी एक्सप्लिसिट 1998 च्या मानकापासून आहे, ऑपरेटरसाठी 2011 पासून. वापरायला पैसे पडत नाहीत.

जावावाली_बाय
तुम्ही दोघे भांडा. आमच्या जावात कास्ट (ऑब्जेक्टला दुसऱ्या क्लासचं म्हणणं) केल्याने ऑब्जेक्ट बदलतच नाही, फक्त बघायचा चष्मा बदलतो. नात्यातला क्लास असून आत भलतंच ऑब्जेक्ट निघालं तर चालत्या प्रोग्रॅममध्ये क्लासकास्टएक्सेप्शन ही एरर. म्हणून एकेक फील्ड (ऑब्जेक्टातला माहितीचा कप्पा) उचलून नवं ऑब्जेक्ट भरायचं. आळस केलात तर माझं होईल: कॉपीप्रॉपर्टीज नावाची मेथड जावाच्या तयार लायब्ररींपैकी स्प्रिंगमध्येही आहे, अपाची कॉमन्समध्येही. एकीत आधी मूळ मग नवं, दुसरीत बरोबर उलट. इम्पोर्ट चुकला आणि भरलेल्या ग्राहकावर मी कोरा ग्राहक ओतला. सगळी फील्डं नल (रिकामी). चूक माझीच, पण ती दुपार मी विसरणार नाही.

डिचोलीचा_मानकुराद
फील्ड टू फील्ड म्हणणं सोपं आहे हो. आम्ही जुन्या सिस्टीमचे पत्ते नव्या क्लासात नेत होतो. गाव एकच, स्पेलिंग चार. आणि बाहेरून आलेल्या पोराने रोमनवरून देवनागरी बनवली: ‘सांक्वेलीम’, ‘क्वेपेम’! साखळी आणि केपें ओळखा बघू.

म्हापशात_नवा
मीही ‘मापुसा’च म्हणत होतो. बोर्डावर तसंच लिहिलंय, आमचा काय दोष?

डिचोलीचा_मानकुराद
दोष विचारायचा नाही तो. पोर्तुगीज लिहिण्यात शेवटचा एम हा अनुस्वार, एक्सचा उच्चार श, आणि आपल्या ड ला अक्षरच नाही म्हणून आर. मडगावचं ‘मार्गाव’ झालं ते असं. आता उलटं फिरव बघू! कुठला आर र चा आणि कुठला ड चा, ते त्या अक्षरात उरलेलंच नाही.

शेल्डेंकर
आमच्या शेल्डें गावाला लोक ‘झेल्डेम’ म्हणतात. शिरां पडो त्या एक्सवर.

म्हापशात_नवा
मग बोर्ड बदला ना! बाहेरच्यांवर काय राग काढता?

डिचोलीचा_मानकुराद
राग नाही. तीन वर्षं राहून बाजार कुठल्या वारी भरतो ते ठाऊक आहे, गावाचं नाव तेवढं नाही.

म्हापशात_नवा
शुक्रवारी. आणि वर्षं दोन.

जावावाली_बाय
धागा ऑब्जेक्टचा होता ना? की म्हापशाचा बाजार इथेच भरवायचाय?

माटोळीखालचा_कोडर
नाही बाय, मानकुराद माझंच म्हणणं मांडतोय. बेस म्हणजे मूळ क्लास, डिराइव्ह्ड म्हणजे त्यावर वाढवलेला. डिराइव्ह्डचं ऑब्जेक्ट बेसमध्ये व्हॅल्यूने कॉपी केलंत की वरचा भाग छाटला जातो, ओरडत कोणी नाही. मग बेसवरून डिराइव्ह्ड परत मागा, छाटलेलं कुठून आणणार? ड गेला तो गेला. म्हणून माझं रूपांतर नावाच्या फंक्शनात असतं, ‘खोलीवरून_रक्कम’ असं. वाचणारा तिथे थांबतो तरी.

साखळीचा_सीपीपी
खोलीवरून रक्कम असं फंक्शन लिहिणार असशील तर हॉटेलवाल्याने तुला सोललं ते योग्यच केलं.

माटोळीखालचा_कोडर
…‘दरावरून_रक्कम’. घाईत लिहिलं.

साखळीचा_सीपीपी
कॉपी-पेस्ट का परत? असो. मुलांना ‘आधी एक्सप्लिसिट लावा, नडलं तर काढा’ एवढी ओळ वरच्या सल्ल्यात घालतो. तुझ्यासाठी नव्हे, त्या 304 च्या पाहुण्यासाठी. आणि माझ्या गावाला कोणी सांक्वेलीम म्हटलं तर मात्र मी ब्लॉक करणार.