सोसायटीचा ग्रुप: रविवारच्या ‘ओप्रा’ कार्यक्रमावरून

डॉ. सानिका, बी-७०२: लिफ्टमधलं पोस्टर आत्ता पाहिलं. ‘ओप्रा विन्फ्रे: जगाला सावरणारी मैत्रीण’. पाटकर काकू, राग मानू नका, पण मागच्या वर्षी काढ्यावरून जे झालं त्यानंतर ठरलं होतं ना, की आरोग्याशी संबंध असलेला कार्यक्रम आधी आम्हा डॉक्टर मंडळींना दाखवायचा?

पाटकर काकू, ए-५०२: सानिका, हा आरोग्याचा कार्यक्रम नाही गं. अमेरिकेतल्या मिसिसिपीत आजीच्या शेतावर वाढलेली मुलगी टीव्हीवर गप्पांचा कार्यक्रम करता करता शिकागोत स्वतःचा स्टुडिओ काढते, तो प्रवास आहे. महिला दिनाचा कार्यक्रम आहे.

नितीन, सी-२०१: २७६ गाड्या दिल्या तिने. एका दिवसात. स्टुडिओत बसलेल्या प्रत्येकाला. आपल्याकडे कोण देतं?

डॉ. सानिका, बी-७०२: काकू, त्याच स्टुडिओत सप्टेंबर २००७ मध्ये जेनी मॅकार्थी ही नटी येऊन लसीमुळे मुलाला ऑटिझम झाला असं सांगून गेली. अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसंस्थेचं, सीडीसीचं, म्हणणं काय, तर एक निवेदन वाचून दाखवलं. एकीकडे रडणारी आई, दुसरीकडे कागद. कोण जिंकणार? ज्या शोधनिबंधावरून हे सगळं सुरू झालं तो १९९८ चा, १२ मुलांवरचा, आणि तो छापणाऱ्या लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. तरी आजही आया विचारतात. गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. दुसरा राहिला की संरक्षण अर्धवट. ‘थोडं थांबूया’ म्हणणारे नेमका तोच चुकवतात.

जोशी काका, ए-३०४: मॅडम, हे मान्य. पण सगळा दोष बाईंच्या माथी कशाला? बोलली ती पाहुणी.

डॉ. सानिका, बी-७०२: खुर्ची कोणी दिली काका?

गोखले (सेक्रेटरी): सदस्यांनी कृपया नोंद घ्यावी. ग्रुप फक्त सोसायटीच्या कामासाठी आहे. उद्या १० ते १ टाकी सफाई. पाणी भरून ठेवावे.

शिल्पा, सी-१०३: गोखले सर, क्लबहाऊसमधला कार्यक्रम हे सोसायटीचंच काम आहे 🙂 सानिका, तू एकच बाजू सांगतेयस. नोव्हेंबर १९८७ मध्ये ही बाई वेस्ट व्हर्जिनियातल्या विल्यमसन गावात गेली. एड्स झालेला एक तरुण पोहायला उतरला म्हणून गावाने तलाव रिकामा करून घासून काढला होता. तिने त्याला आणि गावाला एकाच सभागृहात समोरासमोर बसवलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत जॉर्जियातल्या फोर्साइथ काउंटीत गेली, जिथून १९१२ साली कृष्णवर्णीयांना हाकलून दिलं होतं आणि नंतर कोणाला राहू दिलं नव्हतं. लहानपणी स्वतःवर झालेले अत्याचार तिने टीव्हीवर सांगितले, पुढे १९९१ मध्ये सिनेटसमोर साक्ष दिली. १९९३ मध्ये क्लिंटननी बालसंरक्षणाच्या कायद्यावर सही केली, त्याला लोक ‘ओप्रा बिल’ म्हणायचे. हे पोस्टरवर येऊ नये का?

डॉ. सानिका, बी-७०२: यावं की. मी कुठे नाही म्हटलं?

नितीन, सी-२०१: आणि २७६ गाड्या.

हर्षल, बी-४०१: नितीनदादा, आपल्या पोडियमवर २७६ गाड्या लागल्या तर विझिटर पार्किंगचा प्रश्न कायमचा मिटेल. विझिटरच आत येणार नाहीत 😂

बर्वे, ए-१०१: पार्किंगचा विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. २३ नंबरवर ती झाकलेली गाडी कोणाची आहे? तीन पत्रं दिली.

गोखले (सेक्रेटरी): बर्वे सर, वेगळं बोलू.

बर्वे, ए-१०१: दोन वर्षं वेगळंच बोलतोय 🙏

मंदार, सी-६०३: तिच्या कार्यक्रमाचं गणित कळलं तर हे भांडण निम्मं होईल. ‘ओप्रा’ एका चॅनलचा कार्यक्रम नव्हता. ८ सप्टेंबर १९८६ पासून किंग वर्ल्ड नावाची कंपनी तो शहरागणिक स्थानिक स्टेशनांना विकायची. बऱ्याच शहरांत दुपारी ४ ची वेळ, कारण ५ वाजता स्टेशनच्या स्वतःच्या बातम्या. ४ चा प्रेक्षक उठला नाही तर बातम्यांच्या जाहिराती महाग विकता येतात. म्हणून स्टेशनं तिच्यासाठी वाट्टेल ती किंमत मोजायची. त्यात तिथे ‘स्वीप्स’ असतात: मुख्यतः फेब्रुवारी, मे, नोव्हेंबर. या महिन्यांत घरोघर डायऱ्या भरून प्रेक्षक मोजायचे आणि त्यावर पुढचे जाहिरात दर ठरायचे. त्यामुळे सगळ्यात खणखणीत भाग याच महिन्यांत. वजन उतरवल्यावर तेवढी चरबी लाल ढकलगाडीतून स्टुडिओत आणली तो भाग बघा, १५ नोव्हेंबर १९८८. शिल्पाताई, विल्यमसनचा भागही नोव्हेंबरचा आणि फोर्साइथचा फेब्रुवारीचा.

शिल्पा, सी-१०३: म्हणजे चांगलं काम केलं तेही आकड्यांसाठी?

मंदार, सी-६०३: आकड्यांसाठीही. १९८८ मध्ये कार्यक्रमाची मालकी तिच्या हार्पो कंपनीकडे आली, म्हणजे वरून कोणी सक्ती करणारं उरलं नाही. ९०च्या दशकात जेरी स्प्रिंगर हा दुसरा सूत्रधार पाहुण्यांना खुर्च्या फेकायला लावून प्रेक्षकसंख्येत पुढे गेला. ती १९९४ च्या सुमारास त्या चिखलातून मुद्दाम बाहेर पडली आणि आकडे उतरले तरी परत गेली नाही. ते श्रेय तिचंच. पण मालकी तिची, तर मॅकार्थीला खुर्ची देण्याचा निर्णयही तिचाच. तिची रीत एकच होती, ज्याने भोगलं त्याने बोलायचं आणि आपण विश्वास ठेवायचा. अत्याचाराच्या विषयात ही रीत सोन्यासारखी चालली, कारण तिथे बाईचं कोणी ऐकतच नव्हतं. औषधाच्या विषयात तीच रीत घात करते. एकाचा अनुभव हा पुरावा नसतो.

डॉ. सानिका, बी-७०२: मंदार, हेच. जानेवारी २००९ मध्ये सुझान सोमर्स ही नटी आली. दिवसाला ६० पूरक गोळ्या आणि ‘नैसर्गिक’ हार्मोन. औषधाच्या दुकानात मिसळून दिलेल्या हार्मोनच्या डोसची तिथल्या औषध नियामकाने, एफडीएने, तपासणी केलेली नसते, बॅचगणिक फरक पडू शकतो. गर्भाशय असलेल्या बाईने प्रोजेस्टेरॉनशिवाय नुसतं इस्ट्रोजेन घेतलं तर अस्तर वाढत जातं आणि तिथल्या कॅन्सरचा धोका वाढतो. हे कोणत्याही गायनॅकला विचारा. आणि टीव्हीवर सल्ले देणारा डॉ. ऑझ. तिच्याच कार्यक्रमातून मोठा झाला, २००९ पासून त्याचा वेगळा शो, त्यातही हार्पोचा वाटा. २०१४ मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात त्याच्या सल्ल्यांची तपासणी छापून आली: ४६ टक्क्यांना आधार, १५ टक्के पुराव्याच्या विरुद्ध, ३९ टक्क्यांना पुरावाच नाही.

पाटकर काकू, ए-५०२: मी दोन महिने तयारी केली आहे. एवढा अभ्यास सगळ्यांचा होता तर मीटिंगला कोणी का नाही आलं, एवढंच विचारते.

*(हा मेसेज डिलीट केला आहे)*

पाटकर काकू, ए-५०२: डिलीट करायच्या आधी वाचला मी, हर्षल.

हर्षल, बी-४०१: काकू, चुकून गेला. दुसऱ्या ग्रुपवरचा होता 🙏

अनुजा, बी-२०४: ब्राझीलचा तो ‘जॉन ऑफ गॉड’ राहिला. हातानेच शस्त्रक्रिया करतो म्हणून ख्याती. नोव्हेंबर २०१० मध्ये शोमध्ये त्याच्यावर भाग, मग २०१२ मध्ये ही स्वतः त्याच्याकडे गेली. डिसेंबर २०१८ मध्ये शेकडो बायका लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी घेऊन पुढे आल्या, २०१९ मध्ये बलात्काराची शिक्षा झाली, १९ वर्षं. तक्रारी आल्यावर तिच्या साइटवरून मजकूर उतरवला गेला. मंदारदादा म्हणतात ते स्वीप्स पाहा: त्याच नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिने अत्याचार सोसलेल्या २०० पुरुषांना स्टुडिओत उभं केलं, हातात प्रत्येकाचा लहानपणचा फोटो. पंचवीस वर्षांतला तिचा सर्वांत मोठा भाग, माझ्या मते. आणि दोन आठवड्यांत हा बाबा. आपल्याकडे २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, चमत्काराचा दावा करून फसवणाऱ्याला इथे आत टाकता येतं.

जोशी काका, ए-३०४: आत टाकता येतं, टाकतात का?

अनुजा, बी-२०४: काका, त्यावर वेगळा रविवार लागेल.

नितीन, सी-२०१: सगळे वाईटच बोलतायत. २७६ गाड्यांबद्दल एक शब्द नाही.

शिल्पा, सी-१०३: पुस्तकांबद्दलही नाही. सप्टेंबर १९९६ पासून कार्यक्रमात बुक क्लब, ती एकेक पुस्तक निवडायची. प्रकाशकाला गुपचूप कळवायचे, नाव फुटू न देता जादा प्रती छापून ठेवायच्या, जाहीर झालं की दुकानात ढीग. टोनी मॉरिसनची चार पुस्तकं तिने घेतली. नोबेल मिळालेली लेखिका, पण सुपरमार्केटच्या रांगेतल्या बायकांच्या हातात ती ओप्रामुळे गेली.

मंदार, सी-६०३: आणि जेम्स फ्राय?

शिल्पा, सी-१०३: येतेच त्यावर. त्याचं पुस्तक व्यसनमुक्तीचं आत्मकथन म्हणून २००५ मध्ये निवडलं. ८७ दिवस तुरुंगात होतो असं लिहिलेलं, प्रत्यक्षात काही तास. जानेवारी २००६ मध्ये बिंग फुटलं. ११ तारखेला हिने लॅरी किंगच्या शोला फोन करून त्याची बाजू घेतली, २६ तारखेला त्याला स्वतःच्या स्टुडिओत बोलावून सगळ्यांसमोर फाडलं. २०११ मध्ये त्या वागण्याबद्दल त्याची माफी मागितली. चूक कळल्यावर प्रेक्षकांसमोर उलटी फिरली, एवढं तरी कबूल करा.

डॉ. सानिका, बी-७०२: कबूल. पुस्तकासाठी फिरली. लसीसाठी असा भाग केला का?

बर्वे, ए-१०१: २३ नंबर.

जोशी काका, ए-३०४: वजनाचा विषय कोणी धड मांडला नाही. ढकलगाडीत ६७ पौंड चरबी, म्हणजे ३० किलो. आमची ही तेव्हापासून उदाहरण देते.

डॉ. सानिका, बी-७०२: काका, ते चार महिने नुसत्या द्रवाहारावर. इतक्या कमी कॅलरीत चरबीबरोबर स्नायूही झिजतात, शरीर खर्च कमी करतं, भूक वाढते. नेहमीचं जेवण सुरू झालं की वजन परत. तिचंही आलं. २०१५ मध्ये तिने वजन घटवण्याचे कार्यक्रम विकणाऱ्या वेट वॉचर्स कंपनीचा १० टक्के हिस्सा घेतला, वर्षानुवर्षं ‘इच्छाशक्ती’ विकली गेली, आणि डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलं की वजनासाठी औषध घेते. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्या कंपनीचं संचालकपद सोडत असल्याचं जाहीर केलं. औषध घेतलं यात लाज काहीच नाही, लठ्ठपणा हा आजार आहे. आधीची तीस वर्षं लोकांनी स्वतःला आळशी समजून काढली, त्याचं काय?

पाटकर काकू, ए-५०२: भारतात आली तेव्हाचं कोणी बोललं नाही. जयपूरला, मुंबईला. २०१२.

हर्षल, बी-४०१: काकू, भारतीय लोक अजून हाताने जेवतात का, असं मुंबईतल्या घरी जेवायला बसून विचारलं होतं तिने. तो भाग दाखवणार असाल तर वरण-भात ठेवा, समजावून सांगू 😂

पाटकर काकू, ए-५०२: बरं. मी पोस्टर काढून घेते. सानिका, तू १५ मिनिटं बोलशील? लस, हार्मोन, वजन. शिल्पा पुस्तकं, मंदार ते स्वीप्स. २०० पुरुषांच्या भागाची क्लिप अनुजाने आणावी. गाणी, वाढदिवस नंतर.

डॉ. सानिका, बी-७०२: बोलेन. लसीकरणाचा तक्ता छापून आणते, लहान मुलं असलेल्या घरांनी कार्ड घेऊन यावं.

गोखले (सेक्रेटरी): हॉल ८ वाजता रिकामा हवा. खुर्च्या परत रचून ठेवाव्यात.

नितीन, सी-२०१: आणि २७६ गाड्या कोण सांगणार?

जोशी काका, ए-३०४: मी सांगतो, इथेच. १३ सप्टेंबर २००४. गाड्या ओप्राने नाही, पाँटियाक कंपनीने दिल्या, त्यांची जी-सिक्स नवी होती, जाहिरात झाली. किंमत २८ हजार डॉलरच्या आसपास. सेल्स टॅक्स आणि नोंदणी कंपनीने भरली. पण बक्षीस म्हणजे उत्पन्न, त्यावरचा इन्कम टॅक्स घेणाऱ्याच्या डोक्यावर, स्लॅबप्रमाणे ७ हजार डॉलरपर्यंत. गाडी हवी असलेली गरजू माणसं मुद्दाम निवडलेली, तीच टॅक्स भरायला पैसे कुठून आणणार? पर्याय तीन: टॅक्स भरून ठेवा, विकून भरा, नाहीतर सोडून द्या. आपल्याकडे अशा बक्षिसावर सरळ ३० टक्के, वर सेस. आणि ती कंपनी जनरल मोटर्सने २०१० मध्ये बंदच केली.

नितीन, सी-२०१: हे माहीत नव्हतं. म्हणजे काका, लगेच विकून टाकली तर टॅक्स वाचतो?

जोशी काका, ए-३०४: नाही. विकली तरी गाडीची किंमत उत्पन्नात धरतातच.

नितीन, सी-२०१: मग सोडून दिलेली बरी.

बर्वे, ए-१०१: २३ नंबरवाल्याने तेच केलेलं दिसतंय.