१९८५ ची पोर्शे ९११, गिअरचा दांडा खुळखुळतोय: बॉक्स गेला की नुसते बुश?

एडिसनकर_९११:
नमस्कार मंडळी. माझी १९८५ ची पोर्शे कॅरेरा ३.२ आहे, ९१५ गिअरबॉक्सवाली. न्यूट्रलला दांडा डावी-उजवीकडे इतका हलतो की पहिला कुठे नि तिसरा कुठे पत्ताच लागत नाही, दुसरा टाकायला जावं तर चौथा पडतो. इथल्या एका गॅरेजवाल्याने गाडीत न बसताच "बॉक्स उतरवावा लागेल" म्हणून जो आकडा सांगितला तो अजून बायकोच्या कानावर घातलेला नाही 😅 आधी दांड्याच्या जोडणीतले बुश (सांध्यांतल्या प्लास्टिकच्या छोट्या कड्या) बदलून बघू का? घरी होईल का, लिफ्ट वगैरे नाहीये.

एअरकूल्ड_आबा:
बॉक्सला हातच लावू देऊ नका! लिफ्ट लागत नाही, सगळं काम आत बसून होतं. पुढच्या सीटांच्या मागे बोगद्यावरचं (गाडीच्या मधोमध जो उंचवटा असतो त्यावरचं) कार्पेट उचला, खाली स्क्रूने लावलेली पत्र्याची झाकणी दिसेल, त्यात कपलर, म्हणजे दांड्याकडून येणारा लांब रॉड बॉक्सला जोडणारा सांधा. आता इंजिन बंद ठेवून घरच्या कुणाला तरी दांडा हलवायला सांगा आणि तुम्ही आत टॉर्च मारून बघत बसा. दांडा हलतो पण लांब रॉड जागचा हलत नाही, तर पुढचा बॉल कप (दांड्याच्या खालच्या गोळ्यावर बसणारी वाटी) गेलाय. रॉड फिरतो पण कपलरचा मागचा भाग उशिरा फिरतो, तर कपलरचे बुश गेले. दांडा आडवा हलवला की रॉड गोल फिरतो आणि बॉक्सला गाळा (पहिला-दुसरा की तिसरा-चौथा, ती रांग) त्या फिरण्यावरूनच कळतो, म्हणून थोडी झीज झाली तरी दुसऱ्याचा चौथा होतो. तिसरा बुश बोगद्यात पुढे, रॉडला आधार देणारा, तो बसवायच्या आधी उकळत्या पाण्यात टाका, मऊ पडला की पटकन बसतो. आणि क्लॅम्पचा बोल्ट सैल करण्याआधी रॉडवर खूण करून ठेवा बरं का, नाहीतर ॲडजस्टमेंट करता करता रविवार जाईल.

पिस्टन_पुणे:
प्लास्टिकचे कशाला, ब्राँझचे टाका, एकदाच काय ती कटकट.

एअरकूल्ड_आबा:
@पिस्टन_पुणे ट्रॅकवर पळवत असाल तर ठीक. रोजच्या गाडीत बॉक्सची घरघर थेट दांड्यावर येते. कंपनीचे प्लास्टिकचे बुश कित्येक वर्षं टिकतात की. फक्त पार्ट मागवताना ९१५ चेच मागवा, १९८७ पासून जी५० बॉक्स आला, त्याचं लिंकेज (दांडा ते बॉक्सची जोडणी) वेगळं.

क्लचकेबल:
एक सांगतो, गाडी थंड असताना तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना करकर होत असेल तर ते सिंक्रोचं (बॉक्सच्या आत गिअरचा वेग जुळवणाऱ्या कड्यांचं) दुखणं, बुशने जाणार नाही. आणि उभ्या गाडीत पहिला किंवा रिव्हर्स टाकताना कुरकुरत असेल तर आधी क्लचची केबल बघा, ९१५ ला केबलच असते.

एडिसनकर_९११:
आबा, झाकणी उघडली! कपलरच्या खाली पिवळट प्लास्टिकचा नुसता चुरा पडलाय, एका बाजूचा बुश म्हणून काही उरलेलाच नाही, धातूवर धातू घासतोय. करकर नाहीये, फक्त गाळा सापडत नाही. तिन्ही जागचे बुश मागवतोय.

एअरकूल्ड_आबा:
तो चुरा व्हॅक्यूमने सगळा काढा, जुनं ग्रीस दगडासारखं झालं असेल तेही खरवडा. बसवून झाल्यावर इंजिन बंद ठेवूनच पाचही गिअर आणि रिव्हर्स टाकून बघा, मगच कार्पेट लावा.