मदत हवी आहे: घडीचा चाकू भरवशाचा आहे की नाही, हे घेतानाच कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी,

उजव्या हाताच्या तर्जनीला तीन टाके पडले आहेत, तेव्हा टंकताना काही चुकलं तर सांभाळून घ्या.

झालं असं, की मागच्या रविवारी राजमाचीच्या वाटेवर एकाच्या सॅकचा पट्टा तुटला. पट्ट्याला भोक पाडून दोरी ओवावी म्हणून मी खिशातला घडीचा चाकू काढला, टोक पट्ट्यावर रोवून दाबलं, जरा फिरवलं आणि पातं मिटलं. थेट बोटावर.

चाकू चारच महिन्यांपूर्वी ऑनलाइन घेतलेला, साडेचारशे रुपयांचा. पात्यावर ठसठशीत '४४०', मुठीत काच फोडायचं टोक, शिट्टी, पट्टा कापायचा आकडा, सगळा थाट. उघडला की 'खट्' असा काही झकास आवाज यायचा की मित्रांमध्ये मी तो उगाचच उघडमीट करत बसायचो. त्या 'खट्'वरच माझा सगळा भरवसा होता.

आता जरा बरा चाकू घ्यायचा म्हणून दोन हजारांच्या आतला एक मागवला, तोही खटक्याचाच (म्हणजे उघडलेलं पातं अडकवून धरणारा). परवा आला. परत करायची मुदत सात दिवस, त्यातले पाच उरलेत. वरून छान दिसतो. पण आधीचाही छानच दिसत होता!

माझं काम साधं आहे: काकडी, कांदा, दोरी, पाकिटं, क्वचित एखादी काटकी. पातं तीन इंचांचं पुरे. घरबसल्या, फार हत्यारं न लागता चाकू कसा तपासायचा? पोलादाच्या आकड्यांना किती महत्त्व द्यायचं? आणि मुळात खटका हवा की नको? जाणकारांनी मदत करावी.

(तिकडे रामपुरी घ्या म्हणणाऱ्यांना आधीच सांगतो, मला काकडी कापायची आहे, गल्ली चालवायची नाही.)

*

बल्लव:
विळी न्या. मिटत नाही, आणि पाय ठेवला की हलत नाही.

*

टूलरूमवाला:
बोट लवकर बरं होवो. आता जरा लागेल असं बोलतो: चूक अर्धी चाकूची आणि अर्धी तुमची. घडीच्या चाकूचं टोक रोवून दाबलं, फिरवलं की जोर पातं मिटण्याच्या दिशेनेही जातो. खटका कितीही चांगला असो, भोक पाडायला पातं वापरायचं नाही. त्यासाठी जोडे शिवायची आरी असते. स्विस चाकूंच्या पाठीला तशीच छोटी आरी दिलेली असते ती उगाच नाही.

आता चाकूच्या अर्ध्या चुकीबद्दल. वर्णनावरून तुमचा लायनर लॉक दिसतोय. मुठीच्या आत पत्र्याचं अस्तर असतं, त्याचीच एक जीभ कापून आतल्या बाजूला वाकवलेली असते. पातं पूर्ण उघडलं की ती जीभ पात्याच्या बुडामागे सरकते आणि पाचरीसारखी अडकून बसते. म्हणजे तीन इंचांचं पातं आणि तुमचं बोट यांच्यामध्ये काय आहे, तर दीडेक मिलिमीटरची एक पट्टी. ती कुठे आणि कशी टेकते, हाच सगळा प्रश्न. 'खट्' आवाजाला काही अर्थ नाही, तो फक्त स्प्रिंग जोरात आहे एवढंच सांगतो.

नवा चाकू हातात घ्या. उघडा आणि मुठीच्या फटीतून जीभ बघा. पात्याच्या बुडाची साधारण पाव ते अर्धी जाडी तिने व्यापलेली असावी. नुसती कडेला टेकली असेल तर घसरणार. उलट, नवीन असतानाच सरकत पलीकडच्या अस्तराला जाऊन भिडली असेल तर तोही वाईटच, कारण वापराने बूड आणि जीभ झिजतात तसतशी ती आणखी आत सरकते आणि ती झीज भरून काढायला जागाच उरलेली नसते.

जीभ अंगभर टेकते की नुसत्या कोपऱ्यावर, हे डोळ्यांना दिसत नाही. कारखान्यात आम्ही दोन भाग एकमेकांवर नीट बसतात का हे बघायला निळा रंग लावतो. तुम्ही पर्मनंट मार्करने पात्याच्या बुडाचा तो तिरका भाग रंगवा, दहा-बारा वेळा उघडमीट करा आणि रंग कुठे खरवडला गेलाय ते भिंगातून बघा. पट्टा निघाला असेल तर बरं. एक ठिपका निघाला असेल तर सगळा भार त्या ठिपक्यावर आहे.

मग टोकाजवळ पातं पाठीकडून चिमटीत धरा आणि डावी-उजवीकडे हलवून बघा. किंचित हललं तर लगेच घाबरू नका, बिजागरीचा स्क्रू पाव आटा आवळून ते जातं. आता तेच पातं वर-खाली हलवा, म्हणजे उघडण्या-मिटण्याच्या दिशेने. इथे केसभरही हलत असेल तर तो दोष खटक्याच्या बसण्यात आहे आणि स्क्रू आवळून तो जाणार नाही. लोक या दोन्हीला 'पातं ढिलं आहे' असं एकच नाव देतात आणि मग स्क्रू आवळत बसतात. चाकू फक्त कडक उघडायला लागतो, दोष तिथेच राहतो.

शेवटची चाचणी दाबाची. धारेवर जाड कापड गुंडाळून वरून टेप मारा, हातात चामड्याचा मोजा घाला, बोटं पात्याच्या वाटेतून बाहेर काढा. पात्याची पाठ लाकडी पाटाच्या कडेला टेकवून हळूहळू दाब वाढवा आणि जिभेकडे लक्ष ठेवा. ती तसूभर जरी मागे सरकली तर चाकू त्याच दिवशी परत. व्हिडिओत दाखवतात तसा पाठीवर आपटायचा मात्र नाही. त्याने चांगला खटकाही बिघडतो, आणि आपल्या वापरात तसा मार कधी बसत नाही.

सोबत एक बघा: अगदी सावकाश उघडून आणि झटक्यात उघडून जीभ दोन्ही वेळा एकाच ठिकाणी थांबते का? सावकाश उघडल्यावर ती अर्ध्यातच थांबत असेल, तर खटका लागलाय की नाही हे दर वेळी तुमच्या मनगटावर ठरणार.

*

डोंगरवाट (धागाकर्ता):
बाप रे, एवढं सविस्तर! संध्याकाळी सगळं करून बघतो. पोलादाबद्दलही लिहा ना काका. '४४०' म्हणजे नक्की काय?

*

टूलरूमवाला:
नुसतं '४४०' म्हणजे आडनाव आहे, नाव सांगितलेलंच नाही. ४४० ए मध्ये कार्बन ०.६० ते ०.७५ टक्के, बी मध्ये ०.७५ ते ०.९५ आणि सी मध्ये ०.९५ ते १.२० टक्के. सी बऱ्यापैकी कठीण करता येतं. ज्याच्याकडे खरोखर सी असेल तो अक्षर गाळेल का?

पण अक्षर असलं तरी अर्धीच गोष्ट कळते. पोलाद कोणतंही असो, त्याला पाणी कसं दिलंय (म्हणजे तापवून, थंड करून कठीण कसं केलंय) यावर धार अवलंबून. व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीची पाती कठीणपणाच्या रॉकवेल मापावर ५६ च्या आसपास असतात, म्हणजे आजच्या फॅशनच्या मानाने मऊच. तरी ती जगभर चालतात, कारण प्रत्येक पातं तसंच निघतं आणि साध्या दगडावर पाच मिनिटांत धार येते. तुमच्या जुन्या चाकूच्या बुडाशी, जिथे धार नाही तिथे, बारीक कानस फिरवून बघा. ५६ च्या पात्यालाही नवी कानस थोडी चावते, पण जीव काढते. लोखंडी खिळ्यासारखी सहज चावली तर पाणी दिलेलंच नाही असं समजा. (नव्यावर करू नका, परत घेणार नाहीत.)

आणि पात्यावर लाटालाटांची 'दमास्कस' नक्षी दिसली तर पाठ बघा. खऱ्या पापुद्र्यांच्या पोलादात रेघा पाठीवरूनही जातात. लेझरने काढलेली नक्षी कडेलाच थांबते.

*

कलमवाला:
आमची रत्नागिरीकडे हापूसची रोपवाटिका आहे. पावसाळा लागला की कोय कलमांचा हंगाम, दिवसाला शेकडो काप घ्यायचे. आमचे कलमाचे चाकू घडीचेच असतात, बहुतेकांना खटका नाही, नुसती पाठीची स्प्रिंग. धार एकाच बाजूने लावलेली, कारण काप आरशासारखा सपाट हवा.

वरच्या काकांनी डावी-उजवीकडे हलण्याला फारसं महत्त्व दिलेलं नाही, तिथे माझं जरा वेगळं मत. पातं बिजागरीत किंचित लुळलुळत असेल तर काप मधेच वळतो, काडी आणि ज्यावर ती बसवतो तो खुंट यांच्या सालीखालचे थर जुळत नाहीत, आणि महिन्याभराने कलम वाळलेलं दिसतं. म्हणून मी दुकानात चाकू नुसता हलवून बघत नाही, खिशात पेरूची किंवा आंब्याची हिरवी काडी घेऊन जातो. तिरका लांब काप एका ओढीत घ्यायचा आणि उजेडात धरायचा. कापावर लाट दिसली की चाकू ठेवून द्यायचा. दुकानदार वैतागतात, वैतागू देत.

पावसाबद्दल एक. लाकडी मूठ दिसायला देखणी, पण कोकणच्या जुलैत लाकूड फुगतं आणि पातं निघता निघत नाही. हौस असेल तर चाकू एक-दोन दिवस कोरडा ठेवून मुठीच्या खाचेला आतून जवसाचं तेल चोळा, बराच फरक पडतो. आणि साधं कार्बनचं पातं आंब्याच्या चिकाने दोन दिवसांत काळं पडतं. धार मात्र त्यालाच गोड येते, काय करणार.

*

मिडलंड्सकर:
इथे इंग्लंडमध्ये प्रश्न कायद्यानेच सोडवलाय. कारण न देता खिशात ठेवता येतो तो फक्त घडीचा, तीन इंचांपर्यंत धारेचा आणि खटका नसलेला चाकू. खटक्याचा असेल तर तसंच सबळ कारण लागतं. त्यामुळे बारा वर्षं माझ्याकडे बिनखटक्याचा स्विस आहे, मिटवल्यावर ९१ मिलिमीटरचा. बोट एकदाही कापलं नाही. खटका नाही हे हाताला माहीत असतं, मग हात पात्यावर उलटा जोर देतच नाही. तुमच्या किश्श्यात मला हेच दिसतं.

बिनखटक्याचा घेणार असाल तर तपासणी वेगळी. पातं पूर्ण उघडायच्या किंवा मिटायच्या जरा आधी सोडा. स्प्रिंगने ते शेवटी स्वतःहून ओढून घेतलं पाहिजे, उघडतानाही आणि मिटतानाही. मग पाठीकडून ट्यूबलाइटसमोर धरा. स्प्रिंग आणि बाजूच्या पट्ट्यांमधून उजेडाची रेघ दिसली तर बांधणी सैल. उघडल्यावर स्प्रिंगची पाठ मुठीशी समतल आहे का, यावर बोट फिरवून बघा. पायरी लागायला नको.

*

जुनाबाजारकर:
मधला मार्ग कोणी सांगितलाच नाही. ओपिनेल! १८९० पासून फ्रान्सच्या साव्वामध्ये बनतो. एक लाकडी मूठ, एक पातं, एक खिळा आणि मानेभोवती फिरणारं पोलादी कडं. ते कडं १९५५ साली आलं. उघडून कडं फिरवलं की पात्याला मिटायची खाचच बंद. यात वाकवलेली जीभ नाही की नाजूक स्प्रिंग नाही. फिरवायला विसरलात तर मात्र खटका नाहीच, हे लक्षात असू द्या. आठ नंबरचं पातं साडेआठ सेंटिमीटर, तुमच्या तीन इंचांपेक्षा जरा मोठं.

जाता जाता, पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी चक्कर मारा. घ्यायला नाही, बघायला. चाळीस वर्षं वापरलेला चाकू कुठे झिजतो हे तिथे पाच मिनिटांत कळतं. पाती झिजून अर्धी झालेली असतात, पण चांगल्या चाकूचा खिळा अजून घट्ट असतो.

*

कायदेकानू:
शस्त्र नियम २०१६ मध्ये ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे, घरगुती आणि शेतीची हत्यारं वगळून. पण शहरांत पोलीस महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली वेळोवेळी मनाई आदेश काढतात, तेव्हा 'माझा तर छोटा आहे' हे चालेलच असं नाही. ट्रेकला जाताना सॅकच्या तळाशी ठेवा, कमरेला लटकवू नका. विमानात केबिन बॅगेत तर नकोच.

*

डोंगरवाट (धागाकर्ता):
मंडळी, अहवाल देतो.

आधी जुना, बोटकाप्या. जीभ कडेला जेमतेम टेकते. मार्करचा रंग एका कोपऱ्यात मोहरीएवढा निघाला. पाटाच्या कडेवर दाब दिला, अजून नीट जोर लावलाही नव्हता, तर जीभ घसरून पातं मिटलं. कानस बुडाशी अशी चावली की काकांचा खिळा आठवला. भर म्हणजे मुठीच्या आत खिशातल्या कापडाच्या तंतूंचा कचरा सापडला, नेमका जीभ सरकते त्या वाटेवर. तो कधी साफ करायचा असतो हे मला माहीतच नव्हतं.

आता नवा. जीभ बुडाच्या अंदाजे तिसऱ्या भागापर्यंत, रंगाचा छान पट्टा निघाला, दाबाला हलली नाही. मी खूश. मग वर-खाली हलवलं आणि अगदी बारीक 'टिक्' जाणवली. आधी वाटलं मनाचे खेळ. बायकोला डोळे मिटून हलवायला सांगितलं, तिलाही जाणवली. डावी-उजवीकडे काहीच हलत नाही, फक्त वर-खाली. उद्या परत पाठवतोय.

खटका नको, स्विसच घेतो असं जवळजवळ ठरलंय, आरीसकट. तोवर आजोबांचा पितळी मुठीचा जुना चाकू कपाटातून काढला. पातं डावी-उजवीकडे बरंच लुळलुळतंय, वर-खाली मात्र ठाम. त्याला स्क्रू नाही, रिव्हेट आहे. ती घरी आवळता येते का?

*

टूलरूमवाला:
येते. रिव्हेटचं एक डोकं ऐरणीवर किंवा जड हातोडीवर टेकवा, दुसऱ्या डोक्यावर छोट्या हातोडीच्या गोल बाजूने हलके, अगदी हलके टोले. दोन टोले आणि एकदा उघडून बघायचं, पुन्हा दोन. तेल आधी सोडा. जास्त झालं तर पातं उघडायला पक्कड लागेल, आणि रिव्हेट परत सैल करता येत नाही.

पण हे टाके निघाल्यावर. आता नको.