टोमॅटोवरचे जिवाणूजन्य ठिपके : कॉपर मारूनही थांबेनात

जुन्नरचा_प्लॉट : नारायणगावजवळ पावसाळी टोमॅटो, ४० दिवसांचा. खालच्या पानांवर २-३ मि.मी.चे काळपट, तेलकट ठिपके, भोवती पिवळी कडा. कॉपर ऑक्सिक्लोराइड १६ लिटरच्या पंपाला ४० ग्रॅम, आठ दिवसांच्या अंतराने तीनदा मारलं. ठिपके वर चढतायत. डोस दुप्पट करू का?

रोगनिदान_पुणे : नको. पानं करपतील, जिवाणू तसाच राहील. आधी जिवाणूच आहे ना, ते बघा. ठिपक्याच्या कडेचा तुकडा काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली धरा. कापलेल्या कडेतून धुरासारखी धार निघाली की जिवाणू. ठिपक्यात एकात एक वर्तुळं असतील तर करपा समजा, त्याचा इलाज वेगळा.

हे ठिपके पाडणाऱ्या झँथोमोनास जिवाणूत तांबं पचवणारी कॉप जनुकं बहुधा प्लाझ्मिडवर (जिवाणूतला डीएनएचा सुटा तुकडा) असतात आणि एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जातात. सारखं कॉपरच मारलं की साधे मरतात, प्रतिकारक तेवढे उरतात.

प्रयोगशाळेतून : जिवाणू तांब्याला प्रतिकारक आहे का याची खात्री करायची तर मॅनिटॉल-ग्लुटामेट-यीस्ट अगारमध्ये (जिवाणू वाढवायचं माध्यम) लिटरला २०० मि.ग्रॅ. मोरचूद (कॉपर सल्फेट) घालून वाढ बघतात. सोबत बिनतांब्याची प्लेट आणि माहितीतला संवेदनशील जिवाणू हवाच. घोळ दोन ठिकाणी होतो. साध्या न्यूट्रिएंट अगारमधली प्रथिनं तांबं बांधून ठेवतात, मग संवेदनशीलही वाढतो. उलट, जिवाणू आदल्या दिवशी लिटरला २० मि.ग्रॅ. मोरचुदात वाढवला नाही तर जनुकं जागी होत नाहीत आणि प्रतिकारकसुद्धा संवेदनशील वाटतो.

जुन्नरचा_प्लॉट : मग आत्ता मारू काय?

रोगनिदान_पुणे : कॉपरचा डोस तोच ठेवा, सोबत मॅन्कोझेब (बुरशीनाशक) ७५ टक्के, लिटरला २ ग्रॅम. मॅन्कोझेबमुळे मोकळे ताम्र आयन वाढतात, मारतात तेच. प्रतिकार तीव्र असेल तर हेही अपुरं पडतं. फवारणी पावसाआधी हवी, कारण हे पानात भिनत नाही, बाहेरूनच राखण करतं. द्रावण आम्लधर्मी होऊ देऊ नका आणि फोसेटिल हे बुरशीनाशक मिसळू नका, पानं भाजतात. काढणीआधीचे दिवस लेबलवर बघा.

खरा फरक मात्र बांधणीत पडतो. दव सुकल्याशिवाय सुतळी बांधायला माणसं आत सोडू नका. ओल्या पानांवरून हाताला लागलेला जिवाणू सरीभर पसरतो. तुषार बंद, ठिबकच.

प्रयोगशाळेतून : पुढच्या लागवडीला बियाणं ५० अंश सेल्सिअसच्या पाण्यात २५ मिनिटं, लगेच गार पाण्यात, मग सावलीत वाळवा. तापमान थर्मामीटरनेच मोजा, दोन-तीन अंश जास्त झाले तरी उगवण घटते. जुन्या बियाण्याला हे करू नका. तयार रोपं घेणार असाल तर ट्रेमधल्या रोपांची खालची पानं उलटून बघा. एका रोपावर ठिपके दिसले तरी तो ट्रे घेऊ नका.