केवळ अध्यक्षांच्या नावावर संस्था चालत नाही

अध्यक्षपदी नामवंत व्यक्ती असल्याशिवाय वन्यजीव संस्थेला देणग्या मिळत नाहीत, हे नेहमी ऐकू येणारे मत मला अर्धेच पटते. पहिली देणगी नाव पाहून येते, पुढच्या मात्र हिशेब पाहून. विश्वस्त बदलल्यास महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ नुसार ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अहवाल दाखल करावा लागतो, आणि हे किचकट काम सांभाळणाऱ्या चिटणिसाचे छायाचित्र सहसा कुठेच छापून येत नाही.

वन्यजीव संस्थेच्या आधारस्तंभांच्या यादीत मी मेंढपाळांनाही धरतो. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावर, जिथे १९७९ मध्ये माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य जाहीर झाले, लांडगाही वावरतो. त्याने मेंढरू नेले तरी विषप्रयोगाकडे न वळता भरपाईसाठी वन विभागाकडे जाणारा धनगर कोणत्याही देणगीदाराइतकाच मोलाचा आहे, पण कार्यकारिणीत त्याला जागा देणारी संस्था माझ्या पाहण्यात नाही.